लव्हाळ्याला चीक नसतो

अनोळखी रोप हातात आलं की आधी मी खोड बोटांत फिरवून बघते. वनस्पती ओळखणं हेच माझं काम. गावाबाहेरच्या पाणथळीवर भराव पडायचा होता, त्याआधी तिथे काय उगवतं ते कळवायचं होतं.

तिथून ऑफिसात आणलेल्या या रोपाच्या खोडाला तीन कडा लागल्या. म्हणजे गवत नव्हे, लव्हाळा. आतून भरीव. पानं तीन रांगांत, बुडाशी बंद नळी. सगळं चोख जुळलं. मग नेहमीप्रमाणे चिखलात वाढलेलं आडवं खोड कापलं.

पांढरा चीक आला. कोमट.

लव्हाळ्याला चीक नसतो. साहेबांना बोलावलं. त्यांनी आधी टेबल बघितलं, मग माझा कुर्ता.

“बाई, तुमचंच सांडलं असेल.”

कारकून फिसकन हसला.

“हात लावून बघा ना!”

“लव्हाळा लिहा आणि सुटा. आमच्याही घरात पोरं झाली, एवढी नाटकं नव्हती.”

तळपायाची आग मस्तकात गेली. अहवालावर सही न करताच घरी आले.

लेकीला पाजायला घेतलं. तिनं दोनदा ओढलं आणि किंचाळली. सकाळी ओढणी भिजत होती, आता थेंब नाही.

“किती तणतण करतेस! त्यानंच आटलं,” सासूबाई म्हणाल्या. “वरचं देऊ.”

बाटली माझ्या चिमणीनं जिभेनं ढकलली. दुसऱ्या दिवशीही. डॉक्टर म्हणाले, बाळात दोष नाही, आईनं शांत राहावं. शांत! सगळ्यांना मी शांतच हवी होते.

ऑफिसात ते खोड अजून झिरपत होतं. लेकीच्या दुधाच्या वेळेला धार लागायची. मधे कोरडं.

माझा संयम सुटला. रोप पिशवीत कोंबलं, घरून रडणाऱ्या लेकीला कडेवर घेतलं आणि भर दुपारी तडक पाणथळ गाठली. रोप चिखलात भिरकावलं.

“घे तुझं! माझं मला परत दे!”

वारा नव्हता. तरी सगळे लव्हाळे आमच्याकडे झुकले.

लेक रडायची थांबली.

माझ्या छातीत कळ आली. कुर्ता भिजला. पान्हा फुटला होता. रडत, हसत मी तिला जवळ घेतलं.

तिनं हुंगलं. तोंड फिरवलं.

अनोळखी बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावरून, पाण्याच्या दिशेनं, दोन्ही हात पसरले.