उष्टी ताटं

तिवरबंदरात पाहुण्याला चहा द्यायचा तर आधी घरातलं कुणीतरी त्या कपातला एक घोट घेतं आणि मग कप पुढे करतं. बाहेरच्याला किळस येते. पण तिथे न उष्टावलेला कप पुढे करणं म्हणजे पाहुण्याच्या जिवावर उठणं.

समुद्र चढून खाजणाचं पाणी विहिरींत शिरलं त्याला आता चाळीस वर्षं झाली. त्या पाण्यातून खाजणताप आला आणि निम्मं बंदर घेऊन गेला. जे उरले त्यांच्या तोंडात एक नवाच जंतू मुक्काम ठोकून बसला होता आणि तो तापाच्या जंतूला खाऊन टाकायचा. डॉ. शरीफ मुकादमांनी तो शोधला आणि त्याला 'सोबती' असं घरगुती नाव दिलं. सोबती थुंकीतून, म्हणजे उष्ट्यातून पसरतो. इथे जन्मलेल्याला बाळपणी एकदा मिळाला की तो जन्माला पुरतो; बाहेरून आलेल्याच्या तोंडात जेमतेम महिनाभर टिकतो. महिना संपला की पुन्हा कुणाचं तरी उष्टं खायचं, नाहीतर ताप.

बंदरावर परदेशी फौज आली ती समुद्राखालच्या तारा राखायला. करारात तिला 'पाहुणे' म्हटलं होतं. हे पाचशे पाहुणे नगरपालिकेच्या भोजनगृहात लोकांच्या पंगतीला बसत, त्यांच्याच भांड्यातून पाणी पीत आणि ठणठणीत राहत.

मग फौजेच्या गस्तीनौकेने एक होडी चिरडली. होडीत भार्गव तांडेल होता, नगराध्यक्ष द्वारकाताईंचा एकुलता मुलगा. नौका चालवणारा लेफ्टनंट रेक दारूच्या नशेत होता. त्याला इथल्या कोर्टात उभं करायला फौजेने नकार दिला, तेव्हा नगरपालिकेने फौजेलाच वाळीत टाकलं. ना पंगत, ना पाणी. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं मुख्याधिकारी दबक्या आवाजात दोनदा म्हणाले. इतिवृत्तात तेवढंच त्यांचं योगदान.

सहाव्या आठवड्यात छावणीतला पहिला सैनिक तापाने गेला. दुसऱ्या दिवशी कर्नल ओस्टेन नगरपालिकेत आले. सहा वर्षांत ते उत्तम मराठी शिकले होते.

"द्वारकाताई, रेकला मी तुमच्या कोर्टात उभं करतो. आजपासून आठव्या दिवशी, धक्क्यावर ताब्यात देतो. पण तो तापाने फणफणलाय. आधी पंगत सुरू करा."

"आधी तो, मगे पंगत."

"मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, ताई."

द्वारकाताई शेजारी बसलेल्या डॉ. मुकादमांकडे वळल्या. "डॉक्टर, खरा सांगा. वाचतलो तो?"

"उष्टं मिळालं तर वाचेल. नाहीतर पाच-सहा दिवस."

मुलाचा मारेकरी आपोआप मरत होता. द्वारकाताईंनी फक्त हात बांधून बसायचं होतं.

"तसो मेललो नको माका," त्या शेवटी म्हणाल्या. "भार्गवाक कसो मारल्यान, ता तेणा कोर्टात सांगूक व्हया."

समेटाच्या जेवणाला एकशेवीस घरांतून एकशेवीस माणसं आली. समोर पहिल्या तुकडीचे तेवढेच सैनिक. प्रत्येकाने आपल्या ताटातला घास खाऊन ताट समोरच्याकडे सरकवलं. रेकसाठी वेगळी पेज होती. ती द्वारकाताईंनी स्वतः उष्टावली. घोट घेऊन डबा त्यांनी भरून दिला.

जेवणं झाली आणि सैनिक उठून ताटं गोळा करू लागले. आपल्याकडे दुसऱ्याचं खरकटं कोण काढतं? आई काढते, सून काढते. आणि इथे कमरेला पिस्तूल लावलेली माणसं वाकून बंदराची उष्टी ताटं उचलत होती! बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. द्वारकाताईंनीही पदर डोळ्यांना लावला. ताटं नळाकडे न जाता झाकणाच्या पेट्यांत गेली. डॉ. मुकादमांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, छावणीत नेऊन धुणार असतील.

आठव्या दिवशी द्वारकाताई कोर्टाच्या बेलिफाला घेऊन धक्क्यावर उभ्या राहिल्या. रेकऐवजी पत्र आलं, शुद्ध मराठीत: "लेफ्टनंट रेक पूर्ण बरे होऊन काल मायदेशी रवाना झाले. यापुढे फौजेला पंगतीची गरज भासणार नाही. नगरपालिकेशी पूर्ववत संबंध जुळल्याचा आनंद वाटतो."

पत्र हातात धरूनच त्या प्रयोगशाळेत गेल्या. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि ते खुर्चीत बसले.

"ताई, एका माणसाचा सोबती काचेच्या नळीत तासाभरात मरतो. पण शंभरेक माणसांचा एकत्र केला तर जगतो, वाढतो. मग त्याच्या हव्या तेवढ्या गोळ्या करा."

"एकशेवीस ताटा," बाई म्हणाल्या. "आणि ह्या तेंका कोणी सांगल्यान?"

"मीच. सात वर्षांपूर्वी शोधनिबंधात छापलं. मोठ्या अभिमानाने."

"आणि रेक? तो गोळयेन वाचलो?"

"नाही. एवढ्यात गोळ्या तयार होत नाहीत." डॉक्टरांनी मान खाली घातली. "तो तुमच्या पेजेवर वाचला."

द्वारकाताई ओरडल्या नाहीत. "फसवल्यानी आमका," त्या म्हणाल्या. "आणि खरकटी काढतत म्हणान मी रडलंय."

पुढच्या महिन्यात भार्गवच्या मुलीचं उष्टावण होतं. तांदळाच्या खिरीचा पहिला घास द्वारकाताईंनी आपल्या ओठांना लावला आणि नातीला भरवला. त्यांच्या मांडीवर बसून भार्गवनेही पहिला घास असाच खाल्ला होता, आणि आता त्याच तोंडचं उष्टं खाऊन रेक कुठेतरी मजेत होता. कोपऱ्यात डॉ. मुकादम अवघडून बसले होते. नागपूरहून तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या शाळेच्या नव्या बाई, मधुरा ठवरे, बाळासाठी झबलं घेऊन आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्या पदर खोचून उठल्या.

"राहू द्या ताई, ताटं मी उचलते."

"ठेव ती!" द्वारकाताईंचा आवाज इतका चढला की बाळ रडायला लागलं.

मधुराबाई ओशाळून खाली बसल्या. काही वेळाने द्वारकाताई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी कप क्षणभर हातात धरला, ओठांपर्यंतही नेला. डॉक्टर त्यांच्याकडेच पाहत होते.

मग त्यांनी कप तसाच, काठोकाठ भरलेला, पाहुणीपुढे ठेवला.

"छान झालाय हं," मधुराबाई म्हणाल्या आणि सगळा चहा प्यायल्या.