एकतीस नंबरच्या वासराचं वजन

मार्व्ह टुमाचा फोन आला तेव्हा लव्होन ह्रुस्का कचेरीत डबा खात होती.

"तिसरी कालवड अडून मेली," तो म्हणाला. "बासष्ट नंबरचा वळू हलक्या वासरांचा, असं तुमचीच यादी सांगते ना? या, बघा एकदा! त्या वळूच्या मालकानं, डेल्बर्टनं, गंडवलंय मला. अजून एकोणीस व्यायच्यात."

लव्होन संकरित गुरांच्या नोंदसंस्थेत होती. नेब्रास्कातले गुरंवाले वासरांची जन्मवजनं कळवत. त्यावरून कुठल्या वळूची वासरं केवढी निघतील, याचा हिशेब संस्था मांडे. खोटं वजन आलं तर भोग कालवडीच्या वाट्याला.

तिनं डबा तसाच ठेवून गाडी काढली.

डेल्बर्ट जर्गेन्सनं आपल्या स्वयंपाकघरात तिला कॉफी ओतली. सत्तरीचा माणूस, चेहरा कोरा. फ्रिजवर बायकोच्या अंत्यविधीचं कार्ड होतं. आर्लिस, गेल्या वर्षीची एकोणीस फेब्रुवारी.

"वासरं कोण तोलायचं?"

"आर्लिस."

"आणि ती गेल्यावर?"

"वही आहे की," तो म्हणाला.

लव्होननं गेल्या वर्षीची वही उघडली. वजनं निळ्या शाईत, गोल अक्षरात. तारखा पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या. थेट मेपर्यंत असंच.

"गेल्या वर्षी गाई किती दगावल्या?"

"एकच. एकतीस नंबर. मार्चच्या हिमवादळात, पोटातल्या वासरासकट." आवाज जराही हलला नाही.

लव्होनचं बोट एकतीसवर थांबलं. तारीख नव्हती. वजन मात्र होतं, चौऱ्याहत्तर पौंड.

तिनं फळीवरच्या जुन्या वह्या काढून शेजारी मांडल्या. कॉफी निवून गेली.

"मार्व्ह म्हणतो तुम्ही वजनं खोटी लिहिलीत."

"म्हणू दे."

"तुम्ही नाही लिहिलीत. हे आर्लिसचं काम."

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"जे वासरू जन्मलंच नाही, त्याचं वजन तिच्या अक्षरात आहे. म्हणजे तिनं अंथरुणात पडल्या पडल्या सगळी वही आधीच भरली. प्रत्येक गाईपुढे त्याच गाईच्या जुन्या वासरांची सरासरी. तुम्हाला एकट्याला तोलत बसावं लागू नये म्हणून. पण ती वासरं जुन्या वळूची होती. बासष्ट वेगळ्या रक्ताचा. असा लांबचा संकर झाला की वासरू जास्तच भरतं. तुम्ही फक्त तारखा घातल्यात आणि वही आम्हाला पाठवलीत. वजनकाटा हातात घेतलाच नाही."

"तिनं कोठारात टांगलाय तो," डेल्बर्ट म्हणाला. "तिथंच आहे." त्यानं वही स्वतःकडे ओढली. "ती गेल्यापासून मला काही वाटतच नाही, लव्होन. रडूसुद्धा येत नाही. आणि आता तिची वही खोडू म्हणतेस?"

लव्होनला त्याची कणव आली. पण मार्व्हच्या एकोणीस कालवडी थांबणार नव्हत्या.

"आज नाही खोडलीत तर उद्या चौथी जाईल."

तो उठला आणि त्यानं फोन लावला.

"मार्व्ह, गुरांच्या डॉक्टरला तिथंच बसवून ठेव. वासरं मोठी आहेत. न तोलता आकडे दिले मी. चूक माझी." पलीकडून शिव्या आल्या. त्या त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

मग तो कोठारात गेला. लव्होन मागोमाग गेली. पहाटे जन्मलेलं बासष्टचं वासरू गवतात बसलं होतं. डेल्बर्टनं काटा खुंटीवरून उतरवला. काट्याच्या हुकाला आर्लिसचा विणलेला हातमोजा अडकला होता. तो त्यानं खिशात ठेवला, वासराला झोळीत घातलं आणि उचललं.

"किती?" लव्होननं विचारलं.

"एकशे तीन," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका फुटला.