पंखा फार आहे

मी त्या दुकानात शिरले ती भांडायच्या तयारीनेच. जिना चढतानाच वाक्यं जुळवून ठेवली होती.

"हे घ्या तुमचे हेडफोन!" मी खोकं काउंटरवर आपटलं. "डावी बाजू मेलेली आहे."

काउंटरमागचा माणूस एका वायरीची गाठ सोडवत बसला होता. त्याने वायर हातातून ठेवली नाही, नुसती मान वर केली. "मेलेली... की झोपलेली?"

"म्हणजे?"

"अजिबात ऐकू येत नाही, की बारीक येतं?"

"बारीक येतं."

"मग झोपलेली," तो म्हणाला आणि इतकं मोकळं हसला, की माझी जुळवून आणलेली वाक्यं सगळी वाया गेली. मला असा राग आला म्हणून सांगू!

त्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावले, डोळे मिटले, मान हलवली. "मला तर दोन्हीकडून ठीक वाटतंय... पण तुम्ही करता काय?"

"ऐकते."

"ते आम्हीही करतो."

"मी पगार घेऊन ऐकते," मी म्हणाले.

तर माझं काम असं. आमच्या स्टुडिओत पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ती बाहेर पडायच्या आधी मी ऐकते. वाचणाऱ्याने गिळलेला शब्द, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची कुरकुर, भुकेल्या पोटाची गुरगुर... सगळं पकडते आणि पुढे दोनपैकी एक शब्द लिहिते. 'काढा' नाहीतर 'ठेवा'. पोटाची गुरगुर काढा. पण हळव्या प्रसंगात वाचणाऱ्या बाईंचा आवाज जरासा कापला असेल, तर ठेवा. धान्यातले खडे वेचावेत तसं हे काम, म्हणून ऑफिसात मला सगळे खडेबाई म्हणतात. खडे बोल सुनावते म्हणूनही म्हणत असतील. मी विचारायला गेलेली नाही.

हे ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. "मग माझ्या कानांचं काय घेऊन बसलात! तुम्ही म्हणताय म्हणजे झोपलेलीच असणार." आणि त्याने मुकाट्याने दुसरी जोडी काढून दिली.

चार दिवसांनी मी पुन्हा त्या जिन्यावर. दुसरीचीही डावी बाजू बारीक!

आता खरं सांगते. आदल्याच दिवशी आमचे रेकॉर्डिस्ट काका माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "खडेबाई, अख्ख्या पुस्तकाला 'डावी बाजू बारीक' लिहून ठेवलंयस. मी पुन्हा पुन्हा तपासलं, काही बारीक नाही. एकतर तुझे हेडफोन बिघडलेत, नाहीतर..."

"हेडफोनच!" मी त्यांचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही.

कारण 'नाहीतर'च्या पुढे माझी आत्या उभी होती. आत्या माझ्याएवढी असतानाच तिला कमी ऐकू यायला लागलं. आधी डावा कान, मग उजवा. ती शिवणकाम करते, तिचं काही अडलं नाही. माझं मात्र सगळं पोट कानांवर. ऐकू न येणारी खडेबाई कोण ठेवून घेणार? त्यामुळे मी डॉक्टरांकडे जायचं नाव काढत नव्हते आणि सगळा राग हेडफोनवर काढत होते.

"पुन्हा झोपली?" त्याने मला दारातच विचारलं.

"तुमच्या दुकानात सगळा माल झोपाळूच आहे का हो?"

"मालक जागा असतो," तो म्हणाला. "बसा. आज नीट निवडू या."

मग त्याने काउंटरवर एकेक जोडी मांडली. त्याचं समजावणं ऐकण्यासारखं होतं. "हे कान पूर्ण झाकणारे. बाहेरचं आत येत नाही, पण उन्हाळ्यात कान शिजतात. हे जाळीचे. आवाज मोकळा, छान, पण तुम्ही काय ऐकताय ते शेजाऱ्यालाही कळतं. चोरून ऐकायचं असेल तर उपयोग नाही."

"आणि बिनतारी?"

"चालायला, पळायला, भांडी घासायला उत्तम. कामाला मात्र तारच. तार असली की निदान माणूस जागेवरून उठून जात तरी नाही." एवढं बोलून तो उगाचच वायर गुंडाळायला लागला.

मी मनातल्या मनात त्याचं नाव तारवाला ठेवलं.

"हे बारके, कानात खोचायचे?" मी विचारलं. "बसमध्ये, घरी मी हेच घालते. दिवसभर."

"दिवसभर? आणि वर ऑफिसात हेडफोन? तुमच्या कानांना सुट्टी कधी असते?"

"आमच्या घरी इतकं बोलतात सगळे, की खोचल्याशिवाय सुट्टी मिळत नाही!"

तो खळखळून हसला. मग जाळीची जोडी माझ्या डोक्यावर बसवताना थांबला. "तुमचे केस मध्ये येतायत... म्हणजे... गादी नीट टेकत नाही कानाला... तुम्हीच करा बाजूला." त्याचा हात हवेतच राहिला होता. मी बट कानामागे सारली. तेवढ्यात मला दिसलं, की त्याचे स्वतःचे कान लालेलाल झाले होते!

त्या दिवशी निवड झालीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गादी टोचते, पट्टा जड आहे, आवाज बसका आहे... मी कारणं काढत गेले आणि तो नवनवीन जोड्या काढत गेला. खरं कारण एकच, डावी बाजू. आणि अजून एक होतं, पण ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

शेवटी तो म्हणाला, "आता माझी खास युक्ती." त्याने काउंटरच्या मधोमध छोटा रेकॉर्डर ठेवला. त्याला दोन माइक होते, एक डाव्या बाजूचं ऐकणारा, एक उजव्या. "थोडा वेळ दोघांनी गप्प बसायचं. हे दुकान जसं ऐकू येतं तसं रेकॉर्ड करायचं आणि मग हेडफोन लावून तेच ऐकायचं. आत्ताच कानांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे हेडफोन खोटं बोलला की लगेच पकडला जातो."

मला ही युक्ती भयंकर आवडली. आमच्या ऑफिसात कोणाला कशी सुचली नाही! मी डोळे मिटून बसले. वर पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. तो माझ्या डाव्या हाताला, वायरींच्या खोक्यापाशी उभा होता. नुसता उभा होता, असं मला वाटलं.

रेकॉर्डिंग झालं. मी हेडफोन लावले. उजवीकडे सायकल स्वच्छ ऐकू आली. डावीकडे...

"डावीकडे काहीच नाही!" मी ओरडले. "नुसतं गुंगुं. ऐका तुम्ही!"

त्याने हेडफोन लावले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कान, मग गाल, मग थेट मानेपर्यंत सगळा लाल झाला. त्याने हेडफोन झटकन काढले.

"काय झालं?"

"काही नाही. दुसरं काहीतरी लावू या."

"का? हेच बरं आहे की. मी उलटे घालून बघते, डावा उजवीकडे..."

"नको!" तो जवळजवळ किंचाळला. "म्हणजे... ह्यात पंखा फार आहे."

त्याने दुसरं रेकॉर्डिंग लावलं, कुठल्या तरी बासरीचं. मग अगदी हळू म्हणाला, "आता घाला उलटे."

मी घातले. हेडफोनची डावी बाजू आता उजव्या कानावर होती. बासरी खणखणीत वाजली. उजवी बाजू डाव्या कानावर होती, आणि तिथे नुसतं गुंगुं.

मला कळायला वेळ लागला नाही. हेच तर माझं काम.

"म्हणजे मी बहिरी आहे, असंच ना?"

"मी हेडफोन विकतो," तो म्हणाला. "कानांतलं मला कळत नाही. पण हे हेडफोन जागे आहेत. आणि... मी आधीच बोलायला हवं होतं. तुमच्या शब्दापुढे मला माझे कान खोटे वाटले."

मी उठले आणि तडक खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मात्र थांबले. तिथेच बसले आणि लहान मुलीसारखी रडले. आत्या, नोकरी, रेकॉर्डिस्ट काकांचं ते 'नाहीतर', सगळं एकदम डोळ्यांतून यायला लागलं.

तो मागोमाग आला. माझी विसरलेली पिशवी त्याच्या हातात होती. दुकानाला कुलूप लावून आला होता.

"कोपऱ्यावर कानांचे डॉक्टर बसतात," तो म्हणाला. "एकटं जायचं असेल तर एकट्या जा. नाहीतर मी येतो. बोलणार नाही काही."

मी नाक पुसत मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. तो आला.

दवाखान्यात बाकावर आधी तो माझ्या डावीकडे बसला. मग उठला आणि काही न बोलता उजवीकडे येऊन बसला. मला ऐकू येईल अशा बाजूला. तेवढ्याशा गोष्टीने मला पुन्हा रडू फुटणार होतं, पण मी दातांखाली ओठ धरला.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा मारला, 'अरे बाप रे' म्हणाल्या, आणि मला डोळ्यांसमोर आत्या दिसली.

"कानात खोचायचे इअरफोन घालता ना? दिवसभर?"

"हो... माझ्या आत्यालाही..."

"आत्याला कशाला मध्ये आणता? मळ आहे हा! खोचून खोचून आत पक्का बोळा करून ठेवलाय."

त्यांनी कोमट पाण्याची पिचकारी मारली. आधी खळखळ झाली, मग बुडबुड झाली आणि मग... मग माझ्या डाव्या कानात अख्खं जग परत आलं. नळाचं टपटपणं, बाहेर कोणाचं तरी खोकणं, माझाच सुटलेला श्वास. मी डॉक्टरीणबाईंना मिठीच मारणार होते.

मी बाहेर येताच तो बाकावरून उठला. "काय म्हणाल्या?"

आता ज्या माणसासमोर आपण इतके दिवस कानांची एवढी मिजास केली, त्याला काय सांगणार?

"विशेष काही नाही. थोडा... अडथळा होता."

"मळ?"

"अडथळा!"

"बरं, अडथळा," तो म्हणाला आणि हसू दाबायला त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला दोन्ही कानांनी ऐकू आलं ते हसू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आधी रेकॉर्डिस्ट काकांची माफी मागितली. मळाचं सांगितल्यावर ते इतके हसले, की त्यांनाच खोकला लागला. मग मी त्यांच्यासाठी माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढायला गेले तर हाताला छोटा रेकॉर्डर लागला. घाईत काउंटरवरचं सगळंच तारवाल्याने माझ्या पिशवीत भरलं होतं!

ऐकू की नको? पण खडेबाईच ती. मी हेडफोन लावले.

पंखा. सायकलची घंटी. आणि डाव्या बाजूला, अगदी माइकला चिकटून, पुटपुटल्यासारखा त्याचा आवाज—

"देवा, हिला एकही हेडफोन पसंत पडू नये. रोज येऊ दे."

मी ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. काम म्हणून नाही. पोटात फुलपाखरं वगैरे काही नाही हं, सरळ आनंदाने रडू आलं. म्हणजे ऐकताना हा स्वतःचंच वाक्य ऐकून लाल झाला होता! आणि आपली चोरी सापडेल म्हणून पंखा मध्ये घातला होता!

संध्याकाळी मी जिना चढले. तो तीच वायर सोडवत होता. मी रेकॉर्डर काउंटरवर ठेवला तशी वायर त्याच्या हातातून गळाली.

"तुमचा पंखा फार बोलतो हो," मी म्हणाले.

"ऐकलंत?"

"पगार घेऊन. डावी बाजू, घंटीच्या नंतर. अनपेक्षित आवाज."

त्याने मान खाली घातली. "काढा," तो म्हणाला. "चूक झाली. गिऱ्हाइकाबद्दल असं बोलू नये."

"ते तुम्ही नाही ठरवायचं. ते माझं काम." माझा आवाज कापत होता. वाचणाऱ्या बाईंचा कापतो ना, तसाच. "मी लिहिलंय, ठेवा."

त्याने वर बघितलं. हा शब्द मी दिवसातून कितीदा लिहिते. पण जपून ठेवायच्या मौल्यवान गोष्टीलाही आपण ठेवाच म्हणतो, हे त्या क्षणापर्यंत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि हेडफोन?" त्याने कसंबसं विचारलं. "पडले कुठले पसंत?"

"हेडफोन एकही नाही," मी म्हणाले.

तो एवढा हुशार, पण हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरायला चांगलाच वेळ लागला. शिरलं तेव्हा तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. माझ्या उजवीकडे निघाला होता, सवयीने. मी त्याच्या बाहीला धरून त्याला डावीकडे ओढलं.

"या बाजूला. इथला अडथळा गेलाय."

तो वाकला. माझी बट त्याने या वेळी स्वतःच कानामागे सारली आणि अगदी हळू, माझ्या डाव्या कानात म्हणाला, "मला तू फार आवडतेस. रोज येशील?"

प्रत्येक अक्षर मला लख्ख ऐकू आलं होतं. तरीही मी डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा मोठ्याने बोल ना... पंखा फार आहे."