दोनशे मीटरवरचा उभा पुंजका

प्रेम अंतर मानत नाही. डोंगर, समुद्र, काळ, सगळं ओलांडून ते आपल्या माणसापर्यंत पोहोचतंच. या गोष्टीतलं अंतर दोनशे मीटर होतं, आणि ते ओलांडलं तर कारखान्याच्या नियमाप्रमाणे नोकरी जात होती. नियम कडक होता, पण अगदीच गैर म्हणता येणार नाही. मधल्या जागेतून गोळ्या जात.

कारखाना रायफलींचा. लढाईतल्या नव्हेत, बारीक नळीच्या, वाटाण्याएवढी गोळी टाकणाऱ्या. या रायफलीत चाप ओढला की ठोका काडतुसाच्या मध्यावर न पडता कडेवर पडतो, एवढाच काय तो तिच्या स्वभावातला तिरकेपणा. पन्नास मीटरपर्यंत ती गुणी असते. पण साहेबांनी, म्हणजे नवी रायफल ज्यांनी कागदावर काढली त्या इंजिनिअरांनी, मनात घेतलं होतं की आपली रायफल दोनशे मीटरवरही गुणी निघाली पाहिजे. इतक्या लांब ही गोळी जाते ती दमत, वाऱ्याचं ऐकत, वाटेत विचार बदलत. म्हणून चाचणी. एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या आणि पाच भोकं किती जवळ पडतात ते मोजायचं. भोकांच्या त्या घोळक्याला तिथे पुंजका म्हणत. पुंजका चहाच्या बशीत मावला की रायफल पास.

अलीकडच्या टोकाला पोटावर पडून गोळ्या झाडणारा एक तरुण होता. इतका निश्चल पडायचा की सगळे त्याला ‘धोंडा’ म्हणत, आणि कोणी चेष्टा केली तर तोही धोंड्यासारखंच उत्तर देई. म्हणजे देत नसे. पलीकडच्या टोकाला, मातीच्या बांधाआड, सिमेंटच्या खोल खड्ड्यात एक मुलगी बसे. चौकटीवर कागद चढवायचा, चौकट दोरीने वर सारायची, गोळ्या डोक्यावरून जाऊ द्यायच्या, मग चौकट खाली घेऊन भोकं मोजायची आणि त्यांवर डिंकाने कागदाच्या चिकट्या लावायच्या. दोघांची फाटकं वेगळी, सुटायच्या वेळा वेगळ्या. मध्ये नुसतं गवत, वारा दाखवणाऱ्या लाल फिती, आणि एक टेलिफोनची तार.

तिच्या आधीचे गृहस्थ निवृत्त झाले म्हणून तिला मोजमाप खात्यातून इथे पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती खड्ड्यात उतरली, रुमालाने बाक पुसला, आणि फोन वाजला.

“हॅलो. दोनशे मीटर का?”

“हो... आपण कोण?”

“मी शून्य मीटर.”

“अहो, स्वतःला असं बोलू नये.”

पलीकडून एक बारीक आवाज आला. तो हसण्याचा होता हे तिला पुढे दोन-तीन दिवसांनी कळलं. तोवर तिला वाटत होतं तारेत काही बिघाड आहे.

खड्ड्यातून आभाळाचा एक लांबट तुकडा दिसे. गवताचं बी वाऱ्यावर येऊन केसात अडके. घरी दादा, वहिनी, दोन भाचे, सदा चालू असलेला टीव्ही. तिथे सगळे एकदमच बोलत आणि ती बोलू लागली की नेमकं कोणीतरी मीठ मागे. वहिनी म्हणायची, “आमच्या वन्संना गप्प राहण्याचाच पगार मिळतो.” वाईट मनाने नव्हे, पण म्हणायची. म्हणून खड्ड्यात फोन वाजला की तिला वाटे, आज मला कोणीतरी मुद्दाम विचारतंय. विचारायचा तो फक्त वारा.

“तुमच्याकडे वारा काय म्हणतो?”

“डावीकडून. फिती कमरेएवढ्या उचलल्यात. जरा थांबा... पडल्या. आत्ता.”

मग फटाकडी उडाल्यासारखा आवाज येई, त्याच्या मागोमाग वर कागदावर टप्.

“एक विचारू?” ती एकदा म्हणाली. “मला आधी आवाज येतो, मग गोळी. असं कसं?”

“ही गोळी आवाजापेक्षा हळू चालते.”

“म्हणजे सांगून येते.”

“हो. सभ्य आहे.”

“माणसं नाही बाई अशी सांगून येत.”

“काही येतात,” धोंडा म्हणाला, आणि इतकं बोलल्याबद्दल घाबरून त्याने फोन ठेवला.

त्याला ती दुर्बिणीतून दिसे, पण फक्त बोटं. चौकट वर येताना कडेला चार बोटं, डिंकाने चकाकणारी, आणि लगेच खाली. बाकीचं सगळं त्याला आवाजावरून रचावं लागे. संध्याकाळी आपल्या खोलीवर जाऊन तो स्टोव्ह पेटवी, एकट्यापुरता भात टाकी, आणि भात होईपर्यंत दिवसभराचं बोलणं मनात पुन्हा चालवी. बोलणं फार नसे. भात कच्चा असतानाच संपे.

इकडे रायफलीचं काही खरं नव्हतं. पुंजका आडवा पसरत नव्हता, उभा पसरत होता. एक गोळी वर, एक खाली, मध्ये तीन, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. साहेब काळजीने वाळले. उभा पसारा म्हणजे काडतुसांतली दारू कमीजास्त, असं त्यांचं अनुमान. त्यांनी पेटी बदलली. मग दुसऱ्या कंपनीची पेटी. मग काडतुसं सावलीत ठेवून पाहिली, मग उन्हात.

“ही शेवटची पेटी,” एका संध्याकाळी ते म्हणाले. “या आठवड्यात पुंजका मिटला नाही, तर नळ्या भंगारात. सगळ्या. मी लिहून देतो, माझं चुकलं.”

दुसऱ्या दिवशी घुशीने तार कुरतडली आणि फोन मेला. ठरावीक अंतराने, मुकाट्याने गोळ्या आल्या. ती खड्ड्यात बसून होती. आभाळाच्या तुकड्यातून एक ढग इकडून तिकडे गेला, आणि तिच्या ध्यानात आलं की हे सांगायला कोणी नाही. जुने गृहस्थ आयुष्यभर इथे कसे बसले असतील कोण जाणे. तिने चौकट खाली घेतली आणि फूटपट्टी लावली. पुन्हा लावली. पुंजका बशीत मावून वर बिस्किटालाही जागा उरत होती.

त्या दिवशीचे सगळे पुंजके तसेच. साहेबांनी काडतुसांच्या पेटीवरून हात फिरवला.

तार जोडली, फोन वाजला, आणि त्याच पेटीतल्या गोळ्या पुन्हा शिडी चढू लागल्या. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. ती मात्र उभ्या पुंजक्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“ऐकताय?” दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. “परवा तार तुटली होती तेव्हा पुंजके गोल होते.”

“हो का.”

“आज उभे आहेत. पेटी तीच आहे.”

“हो. तीच.”

“रोज सकाळी फोनच्या आधी जो पहिला पुंजका मारता ना, तोही गोलच असतो. मी कालपासून जुने कागद काढून तेच बघतेय.”

वारा तारेतून वाजत होता. मग तो म्हणाला, “रायफलीचा दस्ता खांद्याला घट्ट धरलेला असतो. छाती हलली की नळी हलते. इथे केसाएवढी, तिथे टीचभर.”

“छाती कशाने हलते?”

“ठोक्यांनी.”

“ते रोजच पडत असतील.”

“रोज पडतात,” धोंडा म्हणाला. “असे नाही.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान काही कामाचा राहिला नव्हता.

“आता काय करायचं?” तिने अखेर विचारलं. “रायफलीत काही नाही हे साहेबांना कळलं, तर चाचणी संपली. मी परत मोजमाप खात्यात. तुम्ही पन्नास मीटरच्या बंद बोळात, नेहमीच्या चाचणीला.”

“तिथे फोन नाही.”

“माहितेय.”

“आणि नाही सांगितलं तर शनिवारी नळ्या भंगारात.”

“साहेब काल जेवले नाहीत हो,” ती म्हणाली. “मला डबा उघडवेना.”

दोघंही बिचारी सरळ माणसं. ठरलं असं, की शुक्रवारी फोनच करायचा नाही. पुंजके गोल येतील, रायफल पास होईल, कोणाला काही सांगावं लागणार नाही. ठरवताना दोघांचे आवाज अगदी शहाण्यासारखे होते.

शुक्रवारी साहेब स्वतः मागे येऊन उभे राहिले. धोंडा पालथा पडला. फोनकडे पाहिलं नाही. आणि तिथेच घात झाला. तार तुटलेली असते तेव्हा पलीकडे कोणी नसतं. आज पलीकडे ती होती, आपल्यासाठी गप्प बसलेली. चौकटीच्या कडेला चार बोटं आली, आणि नेहमीपेक्षा अंमळ जास्त थांबली. पाचही गोळ्या चाचणी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत लांब शिडीवर जाऊन बसल्या.

साहेब दुर्बिणीपासून दूर झाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“नळी चांगली आहे, साहेब,” धोंडा जमिनीकडे बघत म्हणाला. “दोष माझ्यात आहे. माझी छाती स्थिर राहत नाही.”

“आजारी आहेस?”

“नाही. पलीकडे... त्या असतात.”

साहेबांनी आयुष्यभर रायफलीखेरीज कशाचा विचार केला नव्हता. त्यांनी या माहितीचाही त्याच अंगाने विचार केला. खिशातून घड्याळ काढलं आणि धोंड्याचं मनगट धरलं.

“फोन लाव तिला.”

“काय बोलू?”

“मला काय विचारतोस? रोज बोलता ते बोल.”

पलीकडे पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. “अहो, आपलं ठरलं होतं ना?”

“साहेबांनी माझी नाडी धरली आहे.”

“म्हणजे सांगितलंत,” ती म्हणाली.

“हो.”

“काय सांगितलंत?”

“नळी चांगली आहे म्हणून.”

“आणि?”

“आणि...”

“वाढले,” साहेब घड्याळाकडे बघत समाधानाने पुटपुटले. “तू बोल, बोल. थांबू नकोस.”

मग साहेब स्वतः चटईवर आडवे झाले. गुडघे कुरकुरले. शांतपणे, एकेका श्वासावर, त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. फोनवर तिचा आवाज आला, “बशीत मावतो, साहेब. गोल आहे. कंपासने काढल्यासारखा.”

रायफल पास झाली होती. साहेब तसेच पडून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “माझं काहीच हललं नाही का रे?”

“नाही, साहेब.”

“मला वाटलं होतं, आज फार आनंद होईल.” ते उठले, कोपरावरची माती झटकली आणि रायफल फडक्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी उचलली. जाताना गोळीबार बंद झाल्याचं निशाण त्यांनी स्वतःच वर चढवलं. “आता मधून चालायला हरकत नाही,” ते त्याच्याकडे न बघता म्हणाले.

दोनशे मीटर दुर्बिणीतून फार जवळ असतात. चालताना त्यांत खड्डे लागतात, काटे लागतात, काय बोलायचं ते दोनदा विसरायला होतं. ती शिडी चढून बांधावर येऊन उभी होती. त्याने रचली होती त्यापेक्षा बुटकी, केसात गवताचं बी, आणि डोळे लाल. त्याने बोटं आधी ओळखली, मग तिला.

“मला वाटलं, तुम्ही उंच असाल,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुम्ही बोलके असाल.”

“सोमवारपासून फोन नसेल,” तो म्हणाला. “मी घरी कोणाशी बोलत नाही. कोणी नाहीच. तुमचा फोन झाला की तेवढ्यावर दिवस जातो. मला आता तुमच्यापासून दोनशे मीटरवर राहायचं नाही. पन्नासवरही नाही. एका घरात राहायचंय. तुमच्या दादांना भेटायला कधी येऊ, तेवढं सांगा. आधी सांगून येईन.”

वारा पडला होता. फिती सरळ खाली लोंबत होत्या. नेम धरायला याहून चांगली वेळ मिळत नाही. तिने तळहातांनी डोळे पुसले, गालाला डिंक लागला, आणि ती इतक्या हळू “रविवारी या” म्हणाली, की तारेवरूनही ते पोहोचलं नसतं.

मग ती वळून शिडीवरून अर्धी खाली उतरली आणि मान वर करून म्हणाली, “आता आलाच आहात तर त्या बाजूने ही चौकट जरा धरा हो. गोदामात न्यायचीये, एकटीला उचलत नाही.”