शेपटीची फुली

आमच्या दवाखान्यात डॉक्टर माझी सूनबाई असली, तरी रुग्णाला सुईसाठी तयार मी करते. हे मी अभिमानाने सांगते. सुई कुणीही टोचील. जागा दाखवावी लागते. फुगलेल्या शिरांचा रुग्ण असेल तर त्याला ठोकळ्यावर उभे करायचे, कारण आडवे झाले की शीर चोरासारखी लपते. उभ्यानेच जांभळ्या पेनाने तिची वाट रेखून घ्यायची. दुखण्यावरच्या इंजेक्शनासाठी कुणी आले, तर माझा एकच हुकूम असतो : "दुखतं तिथे बोट ठेवा. पंजा नको, एकच बोट." बोट टेकले की तिथे फुली. माझ्या फुलीच्या खालच्या टोकाला उजवीकडे वळणारी बारीकशी शेपटी असते. हाताला ती खोड कधी जडली कोण जाणे, पण तशी फुली दुसरे कुणी काढीत नाही.

पडद्याशी उभी राहून मी हाक मारते, "पुढचे कोण? या, आणि बोलू नका." त्या आवाजाला आजवर कुणी नाही म्हटलेले नाही.

त्या दिवशी सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. दुपारी माझी धाकटी बहीण येणार होती. कमरेच्या दुखण्याने तिला वर्षानुवर्षे पलंगाशी बांधून ठेवले होते. आमच्या पहिल्या मजल्यावरही तिला खुर्चीत बसवून उचलून आणावे लागे. इंजेक्शने झाली होती, पण नेमकी जागा कधी सापडली नव्हती.

"आई, आज जागा लागली नाही, तर मावशींना मी पुन्हा टोचणार नाही," सूनबाई म्हणाली. "उगाच हाल होतात त्यांचे."

"लागेल. तुझी सासू अजून हयात आहे."

पहिली रुग्ण शिंपीणबाई. तयारीची खोली म्हणजे एक ठोकळा, एक स्टूल, तीन बाजूंना भिंती आणि चौथीला पडदा. मी पडदा सारला, तो बाई ठोकळ्यावर उभ्या, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत शिरेची जांभळी वाट आधीच रेखलेली. शाई ओली होती.

"हे कुणी केलं?"

"अहो, तुम्हीच की आत्ता! हात काय गार तुमचे! बर्फाच्या कारखान्यात होतात का?"

सूनबाई तर हातमोजे चढवून आत टेबलापाशी होती. पेन माझ्या खिशात, टोपणासकट. मी रेघ बोटाने तपासली. गुडघ्यामागे एक केसाएवढा फाटा दाखवला होता, जो माझ्याही नजरेतून निसटला असता. फाटा खरा होता.

पुढचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची मान आखडलेली. फुली मात्र पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली. शेपटीसकट.

"मी मानेवर बोट ठेवलं होतं, बाई. तुम्ही ते झटकलंत. 'गुरुजी, गप्प बसा' म्हणालात. आमच्या मंडळींनंतर हे धाडस तुमचंच!"

सूनबाईने फुलीवर अंगठा दाबताच गुरुजी ताडकन उडाले. इंजेक्शनानंतर थोड्या वेळाने ते घुबडासारखी मान फिरवीत बाहेर पडले.

"आई, आज तुमच्या हाताला झालंय तरी काय?"

भ्यायला हवे होते. मी भ्याले नाही. उलट, छातीत नगारा वाजत होता. ज्या कुणाचा तो हात होता, तो चुकत नव्हता. आणि धाकटी जिन्याशी येऊन पोहोचली होती.

रुग्णाला पडद्याआड एकटे सोडायचे नाही, हा माझाच नियम. तो मी त्या दुपारी जाणूनबुजून मोडला. धाकटीला स्टुलावर बसवले, "आलेच" म्हटले आणि बाहेर येऊन पडदा ओढून घेतला. पेन मुठीत आवळून धरले होते.

आत स्टूल करकरले. धाकटी हसली. मग तिचा आवाज आला, "अगं ताई, हळू! हो, हो, तिथेच!"

मी पडदा सारला. आत ती एकटीच होती. फुली कमरेवर नव्हती. खूप खाली, डाव्या कुल्ल्याच्या कडेला होती, जिथे आम्ही कधी हात लावला नव्हता.

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. "तू तर भिंतीकडे गेलीस ना? मग पडद्यातून कशी आलीस?"

"बोलू नकोस," मी म्हणाले.

सूनबाईने तिथे दाबले आणि धाकटी ओरडली, "हीच! अगं, हीच ती मेली!"

विश्रांती झाली आणि ती उठली. आधी टेबलाला धरून, मग माझ्या हाताला, मग कशालाही न धरता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर वळून तिने दोन्ही हात वर केले. "ताई, बघ, कठडा सोडलाय!" माझ्या डोळ्यांत पाणी येत नसते, त्या दिवशी आले.

तिच्यामागे निघालेली सूनबाई माझ्यापाशी थबकली.

"आई, मानेमागे फुली कशी तुमच्या?"

"पूस."

तिने स्पिरिटचा बोळा घासला. पुन्हा घासला.

"जात नाही. शेपटीसकट तुमचीच आहे. दुखतं का तिथे?"

"मला कुठेही काही दुखत नाही."

खालून धाकटीची हाक आली. सूनबाई धावली.

मी बाकावर बसले. बाकावर दुसरे कुणी उरले नव्हते. जिन्यातून दोघींचे हसणे लांब लांब जात होते.

समोरचा पडदा आतून ताणला गेला.

"पुढचे कोण?" माझा आवाज म्हणाला. "या, आणि बोलू नका."

मी उठले. बोलले नाही.