चिमटीत पारखलेलं तेल

त्या डोंगरावर थंडी अशी, की कुणी शिंकलं तर शिंक हवेतच गोठायची आणि टपकन पायावर पडायची. खोटं वाटत असेल तर स्वेटर घालून जाऊन बघा. तिथे वर आभाळ न्याहाळायची एक थोरली दुर्बीण होती. खालच्या वसाहतीत यशोधरा राहायची, आई आणि आबांबरोबर. आबा म्हणजे तिचे आजोबा, पक्के नागपूरचे.

आज आई वर दुर्बिणीपाशी एकटी अडकली होती आणि तिथला हीटर बंद पडला होता. रेडिओवर ती म्हणाली, "ठीक आहे गं मी," पण तिचे दात वाजत होते. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांनी थंडीपुढे केव्हाच मान टाकली होती. उरली एकच, हायड्रोजन जाळून चालणारी इंजिनाची गाडी. तिची सकाळीच गॅरेजात सर्व्हिसिंग झाली होती आणि तेव्हापासून ती बाहेर बर्फात उभी होती.

आबांनी किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"काहून रे नळ्या, सर्व्हिसिंग केली का नुसती अंघोळ घातली गाडीले?"

नळ्या हा गॅरेजातला यंत्रमानव (रोबो). हातांच्या जागी लांब नळ्या, म्हणून ते नाव.

"सगळं नीट केलं," तो म्हणाला. "तेल मात्र तुम्ही निवडलंत. मी दुसरं सुचवलं होतं."

यशोधराचे कान तापले. नागपूरच्या उन्हात आबा तेल चिमटीत चोळून घ्यायचे. बोटांना दाट लागलं, की तेच चांगलं. सकाळी तिनंही तसंच चोळलं आणि म्हणाली, "हेच भर." आबांनी तिची पाठही थोपटली होती.

नळ्यानं इंजिनातली तेलपट्टी (तेल किती आहे ते बघायची पट्टी) ओढून काढली. तेल तिला काकवीसारखं चिकटलेलं. खाली पडायचं नाव नाही.

"सकाळी तर वाहत होतं हे," यशोधरा म्हणाली, आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "गॅरेजात हीटर होता."

"बरोबर. याला श्यानता म्हणतात (द्रव वाहायला किती कुरकुर करतो, ते). गारठ्यात ती वाढते. डब्यावर वाच."

"वीस डब्ल्यू पन्नास."

"डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यातही पळतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. या गाडीला शून्य डब्ल्यू तीस लागतं."

"मग बदल ना लवकर."

"आधी जुनं बाहेर यायला हवं. गाडी गॅरेजात ढकलावी तर ती फार जड. बूच काढलंय, पण थेंब हलत नाही."

"खालून शेगडी लावू," आबा म्हणाले.

"टाकीत हायड्रोजन आहे, आबा," नळ्या म्हणाला. " मग आपण सगळेच वर जाऊ. दुर्बिणीच्याही वर."

यशोधरा धावत सुटली. घराघरातून शेकायच्या गरम पाण्याच्या पिशव्या गोळा केल्या, बर्फात उताणी पडली आणि इंजिनाच्या पोटाशी त्या दाबून धरल्या. बोटं बधिर झाली. रेडिओवर आई आता नुसतं "हं" म्हणत होती. शेवटी एक काळा थेंब लोंबला, मग धार लागली.

नवं तेल आत गेलं ते पाण्यासारखं. यशोधराला आणखीच धडकी भरली. "नळ्या, इंजिन तापल्यावर हे अजून पातळ होईल. लोखंडावर लोखंड घासलं तर आपणही वाटेत अडकू."

"यात लांबलचक रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) मिसळलेत. थंडीत ते अंग चोरून गोळा होतात, तेलाच्या वाटेत येत नाहीत. तापले की हातपाय पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत."

पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं. आबा चालवत होते. यशोधरा चढभर तेलाच्या लाल दिव्याकडे बघत होती. तो लागला नाही.

ते वर पोचले तेव्हा आई दारामागे अंग चोरून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळे. दोघांनी तिला उचलून गाडीत घेतलं, गोधडीत गुंडाळलं, गाडीचा हीटर लावला. उतार निम्मा झाला तेव्हा गोधडीतून तिचा एक पाय बाहेर आला, मग दुसरा.

"आबा," यशोधरा हळूच म्हणाली, "आई पसरायला लागली."

"तेलाच्या रेणूसारखीच," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

"शनीच्या चंद्रांवर याहून जास्त थंडी असते," आई पुटपुटली. "तिकडे न्यायच्या यंत्रांना कुठलं तेल घालायचं, ते अजून ठरतंय."

"मी ठरवीन," यशोधरा म्हणाली. "पण आधी थेंब बाहेर बर्फात ठेवून बघीन."