डेल्फिनाने सोडलेली जागा

“जमीन विकायला काढलीय मी,” पावाचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता व्हेनान्सिओ म्हणाला, आणि डेल्फिनाच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच थबकली.

“कुठली जमीन, बाबा?”

“आपल्याला काय छप्पन्न जमिनी आहेत? हीच. घरासकट. तू जा त्या लॉस एंजेलिसच्या कॉलेजात. मोठं नाव आहे त्यांचं! मला काय, एक खोली पुरते.”

एप्रिलमधली रविवारची दुपार होती. बदामाच्या बागांचा फुलोरा केव्हाच गळून गेला होता आणि उन्हात सारं खोरं कसं अर्धवट झोपेत असल्यासारखं पहुडलं होतं. व्हेनान्सिओ एकोणिसाव्या वर्षी पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून कॅलिफोर्नियात आला, तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाई पिळल्या, तेव्हा कुठे हा एवढासा तुकडा त्याच्या नावावर झाला होता. आणि तोच तुकडा तो आज, मीठ मागावं इतक्या सहजपणे, लेकीच्या ओंजळीत टाकत होता!

“विकू नका,” डेल्फिना पाठमोरीच म्हणाली. “त्यांनी मला घेतलं नाही.”

हे खोटं होतं. प्रवेशाचं पत्र आठवडाभरापूर्वीच आलं होतं आणि तिच्या पिशवीत, नकाशांच्या गुंडाळीखाली पडून होतं.

व्हेनान्सिओने चमचा खाली ठेवला. त्याचा चेहरा असा काही उतरला, की क्षणभर तिला वाटलं, सगळं सांगून टाकावं... पण ती बोलली नाही. न बोलण्याची तिला सवय होती.

दहा वर्षांपूर्वी, तिच्या अठराव्या वर्षी, तिने वास्तुकलेच्या याच कॉलेजात अर्ज केला होता. त्याच वसंतात तिच्या आईला, इदालिनाला, अर्धांगवायूचा झटका आला. सात वर्षं इदालिना अंथरुणाला खिळून होती, आणि त्या सात वर्षांत डेल्फिनाने तिला न्हाऊ घातलं, भरवलं, कुशीवर वळवलं. दुपारी आईचे डोळे छताला लागलेले असत. तेव्हा डेल्फिना उशाशी बसून कागदावर घरं काढी. त्या घरांच्या खिडक्या थेट जमिनीपासून सुरू होत, भिंती ढगांसाठी वाकून वाट देत, छताला झरोका असे आणि त्यातून चंद्र पांघरुणावर उतरे. “आई, या घरात तुला पडल्यापडल्या आभाळ दिसेल हं,” ती सांगे. मग इदालिनाच्या ओठांचा एकच कोपरा हळूच हले, आणि त्या अर्ध्या हास्यात डेल्फिनाला आपलं सारं तारुण्य सार्थकी लागल्यासारखं वाटे!

आई गेल्यावर ती गावाजवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात जाऊ लागली. सकाळी फरशीच्या दुकानात नोकरी, दुपारी वर्ग. हिवाळ्यात खोऱ्यावर असं धुकं उतरे, की गाडीपुढचा रस्तासुद्धा दिसेनासा होई. त्या पांढऱ्या शून्यातून गाडी हाकताना तिला आपण न बांधलेल्या घरांच्या ओसऱ्यांमधूनच चाललोय असं वाटे...

तिथल्या शिक्षिका टमायोबाईंनी तिने काढलेली घरं एकेक करून पाहिली.

“अर्ज दोन्हीकडे कर,” शेवटी त्या म्हणाल्या. “लॉस एंजेलिसला कर आणि किनाऱ्यावरच्या सरकारी विद्यापीठातही कर. पण डोळे उघडे ठेव, पोरी. ते मोठं कॉलेज तुझी इथली दोन वर्षं धरणार नाही. पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं, आणि फी तर विचारूच नकोस. किनाऱ्यावरचे तुझं काम बघून थेट तिसऱ्या वर्षाला घेतील. तुमच्या मिळकतीत फी माफ होईल, राहण्याजेवण्याचं तू तिथल्या एखाद्या दुकानात कमावशील. आणि वास्तुविशारदाच्या परवान्याला दोन्ही पदव्या सारख्याच चालतात.”

“पण बाई... मी अठरा वर्षांची होते तेव्हापासून त्या कॉलेजचे पांढरे जिने माझ्या स्वप्नात येतात.”

“येऊ देत की! स्वप्नाला कुठे फी पडते?”

डेल्फिना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. दोन्हीकडून होकार आले. लॉस एंजेलिसचं पत्र तिने तीनदा वाचलं, गालाशी धरलं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने त्यांना नकार कळवून टाकला. किनाऱ्याला होकार दिला. बाबांना एवढंच सांगितलं, की किनाऱ्यावर जागा मिळालीय.

मे महिन्यात एका सकाळी घरचा फोन वाजला. व्हेनान्सिओने उचलला.

संध्याकाळी डेल्फिना घरी आली तेव्हा तो अंगणातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. धार काढायची वेळ टळून गेली होती, गाई हंबरत होत्या, आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

“लॉस एंजेलिसहून बाई बोलत होती. म्हणाली, तुमच्या मुलीने जागा सोडली, आम्हाला वाईट वाटलं, कारण सांगाल का? आता तूच सांग, काय कारण सांगू मी तिला?”

“बाबा...”

“मी एवढा नालायक का, की माझ्या हातचं काही घ्यावंसं वाटू नये तुला?” त्याचा आवाज फाटला. “अगं, मला फेडायचं होतं! तुला ठाऊक नाही... त्या वर्षी तुझं पत्र आलं होतं. त्यांनी घेतलं होतं तुला. ते मी लपवलं, डेल्फिना! तुझी आई पडलेली, मला साधा रस्सासुद्धा करता येईना... मी घाबरलो. बाप असून चोरी केली मी!”

त्याने रुंद, गाईच्या आचळांवर झिजलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

डेल्फिना त्याच्या पायाशी मातीतच बसली.

“मला ठाऊक होतं, बाबा.”

“काय?”

“त्याच वर्षीच्या नाताळात तुमचा काळा कोट इस्त्रीला काढला होता. कपाटाच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली ते पत्र मिळालं मला. वाचलं आणि परत ठेवलं.”

“आणि दहा वर्षं... एक शब्द बोलली नाहीस?”

“पहिली दोन वर्षं खूप राग होता. तुमच्या ताटात वाढताना हात जड व्हायचा माझा. मग एक दिवस तुम्ही आईचे केस विंचरताना दिसलात. नीट जमत नव्हतं, गुंता ओढला गेला तर तुम्हीच ‘आई गं’ म्हणत होतात... त्या दिवशी राग कुठे गेला कोण जाणे.” तिने त्याचे हात चेहऱ्यावरून दूर केले. “ऐका. नकार दिला तो तुमच्यावर उपकार म्हणून नाही. रडले, खोटं कशाला बोलू? पण किनाऱ्यावरच्या लोकांनी मी आईसाठी काढलेली घरं बघितली आणि म्हणाले, ही तिसऱ्या वर्षातली मुलगी आहे. त्या दुसऱ्यांना मी पुन्हा अठरा वर्षांची झालेली हवी होते. ते आता माझ्याच्याने होत नाही, बाबा!”

व्हेनान्सिओने तिचं डोकं छातीशी धरलं, आणि बापलेक दोघंही, इदालिनाच्या दफनानंतर प्रथमच, एकमेकांना बिलगून मनसोक्त रडली. गाई मात्र हंबरतच होत्या. अखेर तीच म्हणाली, “उठा, नाहीतर त्या दावी तोडतील.” त्या दिवशीची धार दोघांनी मिळून काढली.

सप्टेंबरात तो तिला जुन्या ट्रकमधून किनाऱ्यावर सोडायला गेला. चित्रशाळेच्या उंच काचांबाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं, आणि लांबच लांब मेजांच्या रांगा त्या दुधाळ उजेडात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. वीस-एकवीस वर्षांची मुलंमुली पुठ्ठे कापत होती. त्यांच्यात अठ्ठावीस वर्षांची डेल्फिना आपलं मेज शोधत किंचित संकोचून उभी राहिली.

एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक जवळ आले. “स्वागत! बाकीचे इथे दोन वर्षं एकत्र आहेत. तुम्हाला यायला जरा उशीर झाला, पण—”

“साहेब,” व्हेनान्सिओ मध्येच पुढे झाला. त्याने टोपी काढली. त्याचं इंग्रजी अडखळत होतं, पण आवाज साऱ्या चित्रशाळेला ऐकू जाईल एवढा होता. “मी हिचा बाप. हिला उशीर झालेला नाही. ही वेळेवर निघाली होती. वाटेत मीच आडवा आलो. तेवढं हिच्या नावावर धरू नका.”

कात्र्या थांबल्या. डेल्फिनाने ओठ घट्ट मिटून घेतले आणि काचेकडे तोंड फिरवलं. प्राध्यापकांनी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं, आणि खिडकीजवळच्या रिकाम्या मेजाजवळचं उंच स्टूल तिच्यासाठी ओढून दिलं.